उसन्या कोडची पारख अभ्यासक्रमाबाहेरच

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू तळावरून निघालेला युरोपचा 'एरियन-५' हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या 'एरियन-४'वरून घेतलेले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांतील एक आकडा १६ बिटांत मावला नाही आणि मुख्य व राखीव, दोन्ही संगणक बंद पडले. विशेष म्हणजे कोडचा तो भाग 'एरियन-५'ला उड्डाणानंतर लागतच नव्हता.

जुना कोड घेतला, हा येथील दोष नव्हे. तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे नव्याने तपासले गेले नाही. संगणकशास्त्राच्या वर्गात नेमका हाच भाग सुटतो. सॉफ्टवेअरचेही तयार सुटे भाग मिळायला हवेत, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्येच जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडली होती. आज कोणतेही मोठे सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींवर उभे असते. आपल्याकडील प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र कोऱ्या पडद्यावर 'लिंक्ड लिस्ट' लिहून दाखवावी लागते. पहिल्या दोन वर्षांत ते आवश्यकच आहे. पाया स्वतः घातल्याशिवाय दुसऱ्याचे बांधकाम कळत नाही. पण अंतिम वर्षाच्या प्रकल्पापर्यंत हीच दृष्टी टिकते, तेव्हा इंटरनेटवरून कोड घेणारा विद्यार्थी व्हेरिएबलची नावे बदलून तोंडी परीक्षेला उभा राहतो. पुनर्वापर होतोच, फक्त चोरून होतो. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग'च्या पुस्तकातील त्यावरचे प्रकरण 'टीप लिहा'पुरते उरते.

या लपवाछपवीत बरेच काही शिकायचे राहते. 'जीपीएल' परवान्याचा कोड मिसळून तयार केलेला प्रोग्रॅम वितरित करायचा, तर त्याचा मूळ कोडही खुला करावा लागतो. 'एमआयटी' परवान्यात तशी अट नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा फरक महागात पडू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी आढळली, तेव्हा ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नक्की कुठे दडली आहे, हे शोधतानाच जगभरातील कंपन्यांची दमछाक झाली. दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात ती आलेली असे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात कोड पुरवितात आणि तो कुठून आला, हेही अनेकदा कळत नाही.

अडचण मूल्यमापनाची आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालतो की नाही, हे बाह्य परीक्षक पाच मिनिटांत ठरवू शकतो. तयार लायब्ररी का निवडली, कोणत्या चाचण्या घेतल्या, परवाना वाचला का, हे विचारायला वेळ लागतो आणि तशी तयारीही लागते. प्रकल्प अहवालात उसन्या कोडची यादी सक्तीची करून तिला गुण देणे, एवढी सुरुवात नवा विषय न वाढवताही करता येण्याजोगी आहे. त्यासाठी आधी परीक्षकांना, घेतलेला कोड उघड सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याची सवय सोडावी लागेल.