जालन्याचे रेल्वेतले मत

१ मे रोजी राज्यभर महाराष्ट्र दिन साजरा होतो, तेव्हा जालन्यात आणखी एक वाढदिवस असतो. १९८१ साली याच तारखेला औरंगाबादेतून जालना, भोकरदन, जाफराबाद आणि अंबड हे तालुके व परभणीतून परतूर काढून जालना जिल्हा झाला. त्याआधी अंबडच्या शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडायला औरंगाबादेस आणि परतूरच्या माणसाला परभणीस जावे लागे. निर्णय घेणारी खुर्ची लोकांच्या जवळ यावी, एवढाच वेगळ्या जिल्ह्याच्या मागणीचा अर्थ होता. महसूल, जिल्हा परिषद, पोलीस या बाबतीत ती आली. रेल्वेच्या बाबतीत मात्र ती आजही सिकंदराबादेत आहे.

याचे मूळ निजामाच्या राजवटीत आहे. सिकंदराबादहून मनमाडकडे आलेली मीटरगेज लाईन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. राजधानी हैदराबाद असताना कारभार तिकडून चालणे स्वाभाविकच होते. पण १९४८ साली निजामाची सत्ता गेली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६१ मध्ये मराठवाड्याची सरकारी बससेवा एसटी महामंडळात विलीन झाली. रुळांचा कारभार तेवढा होता तिथेच राहिला. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबाद. सोलापूर विभाग १९७७ मध्ये तिच्यातून निघून मध्य रेल्वेकडे गेला. आपल्याला २००३ मध्ये नांदेड विभाग मिळाला, ही मोठी गोष्ट खरीच. पण झोनचे महाव्यवस्थापक सिकंदराबादलाच बसतात. आणि मराठवाडाही एका छत्राखाली नाही. लातूर, धाराशिव ही स्थानके सोलापूर विभागात, लातूर रोडची बाजू सिकंदराबाद विभागात. आठ जिल्ह्यांचा एक सूर लागावा कसा?

रेल्वेत प्रवाशाला आवाज नाही असे कुणी म्हणणार नाही, कारण कागदावर तो आहे. झोनच्या पातळीवर झेडआरयूसीसी, विभागाच्या पातळीवर डीआरयूसीसी अशा सल्लागार समित्या आहेत. खासदार-आमदार, व्यापारी संघटना, प्रवासी संघटना यांचे प्रतिनिधी त्यांवर नेमले जातात. बैठक होते, निवेदने दिली जातात, इतिवृत्त लिहिले जाते. पण समितीचे काम सल्ला देण्याचे. मतदान होऊन ठराव झाला आणि तो प्रशासनावर बंधनकारक ठरला, अशी तरतूदच तिथे नाही. गाडीला थांबा द्यायचा की नाही, डबे वाढवायचे की नाही, आरक्षणाचा कोटा कोणत्या स्थानकाला किती, दिल्लीला आधी कोणते प्रस्ताव पाठवायचे, हे सारे अधिकारी ठरवतात. बदनापूर, रांजणी, परतूर या स्थानकांवर उभा असलेला प्रवासी या साखळीत कुठेच येत नाही.

त्याची किंमत आपण वर्षांनी मोजली आहे. मीटरगेजचे रुंदीकरण व्हावे म्हणून गोविंदभाई श्रॉफ यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेला लढा द्यावा लागला, आणि रुंद रूळ आले ते शतकाचे शेवटचे दशक उजाडल्यावर. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ३१ जुलै २०२५ रोजी. तोवर, म्हणजे निजामाच्या काळापासून शतकाहून अधिक काळ, जालना एकेरी रुळावर होते. भंगारापासून सळ्या बनवणारे पोलाद कारखाने, देशभर जाणारे बियाणे, मोसंबी, ड्रायपोर्टचे स्वप्न असलेल्या या शहराला क्रॉसिंगसाठी ताटकळणारी गाडी परवडणारी नव्हती. सगळा दोष सिकंदराबादच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पैसा दिल्ली देते. पण दिल्लीच्या दारात आपली फाईल कुणी किती जोराने लावून धरायची, हे झोन ठरवतो.

जालन्याचे रावसाहेब दानवे २०२१ ते २०२४ रेल्वे राज्यमंत्री होते, तेव्हाचा अनुभव इथे ताजा आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत धावू लागली. १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. कामे झाली याचा आनंदच आहे. पण जिल्ह्याचे नशीब उघडायला मंत्रिपद घरात असावे लागते, ही व्यवस्था नव्हे. मंत्रिपदे येतात-जातात. २०२५ मध्ये तीच वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली गेली. परभणी-नांदेडकरांचा हक्क नाकारण्याचे काहीच कारण नाही; त्यांनाही ती हवीच होती. मात्र असा बदल होताना जालन्याच्या वाट्याला किती जागा राहतील, याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथे ना जालन्याचे मत होते ना परभणीचे.

नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मागणी जुनी आहे आणि भावनेने बरोबर आहे. तरी तेवढ्यावर थांबू नये असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. मध्य रेल्वेचे मुख्यालय मुंबईत आहे. तिथल्या लोकलमध्ये रोज लाखो माणसे लटकून प्रवास करतात. त्यांचा प्रश्न जीवनमरणाचा आहे आणि अधिकाऱ्यांचे लक्ष तिकडे जाणार, ते गेलेच पाहिजे. त्या गर्दीत रांजणीच्या थांब्याचा कागद कोण वर काढणार? मुख्यालय बदलले आणि मताधिकार मिळाला नाही, तर आपण फक्त अर्जावरचा पत्ता बदललेला असेल.

मताधिकार देता येतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झाले तेव्हा भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के होता. ६ टक्क्यांच्या गोव्यालाही तिथे भागीदार म्हणून बसता आले. दूर अमेरिकेत शिकागोच्या प्रादेशिक वाहतूक मंडळात २००८ च्या फेररचनेनंतर सोळा जागा होत्या: पाच महापौरांच्या, पाच शहर आणि लगतची उपनगरे मिळून बनलेल्या कुक काउंटीच्या आणि पाच भोवतालच्या पाच काउंट्यांच्या, प्रत्येकी एक; सोळावा अध्यक्ष. काही निर्णयांना साधे बहुमत पुरत नसे, म्हणून महानगराला आसपासच्या गावांना विचारावेच लागे. वाद तिथेही संपले नाहीत. परंतु भांडायला खुर्ची होती.

आपली मागणी अशीच नेमकी असावी. झोनच्या पातळीवर प्रत्येक विभागाला आणि विभागात प्रत्येक जिल्ह्याला किमान एक मत असावे; उरलेली मते प्रवासीसंख्या आणि मालवाहतूक पाहून वाटावीत. निव्वळ लोकसंख्येवर वाटली तर मोठी शहरे सगळी जागा व्यापतील. निव्वळ प्रवासीसंख्येवर वाटली तर ज्या भागाला गाड्याच दिल्या नाहीत त्याला प्रवासी नाहीत म्हणून मतही नाही, असा अन्याय होईल. थांबे, कोटा, वेळापत्रक या विषयांवर मतदान व्हावे, आणि प्रशासनाने ते फेटाळले तर लेखी कारण द्यावे. हाच न्याय नांदेड विभागात असलेल्या तेलंगणातील आदिलाबादलाही मिळावा. आपल्याला जे हवे ते त्यांना नाकारून कसे चालेल?

घरातही पाहायला हवे. एसटी महामंडळाचे संचालक राज्य सरकार नेमते. जालना, अंबड, परतूर, जाफराबाद या आगारांतून एसटीने जाणाऱ्यांचा त्यावर हक्काचा प्रतिनिधी नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी, महाराष्ट्र स्थापनेच्या हीरकमहोत्सवाच्या आदल्या दिवशी संपली. दिल्लीकडे वाटा मागणाऱ्या मुंबईने आधी इथला वाटा द्यावा.

आणि हे आत्ताच मागायला हवे. विशाखापट्टणमचा दक्षिण तटीय रेल्वे झोन २०१९ मध्ये जाहीर झाला. विजयवाडा, गुंटूर आणि गुंतकल विभाग तिकडे गेले की दक्षिण मध्य रेल्वेत सिकंदराबाद, हैदराबाद आणि नांदेड असे तीनच उरतात. झोनची घडी नव्याने बसत असताना नांदेड विभाग त्याचा तिसरा हिस्सा असेल. जालना जिल्ह्याचे पाच आमदार आणि जालना व परभणी या दोन मतदारसंघांचे खासदार यांनी एकत्र बसून हा मसुदा तयार करावा, विधिमंडळात ठराव मांडावा आणि संसदेच्या पावसाळी अधिवेशनाआधी तो रेल्वे मंत्रालयाच्या हाती पडेल हे पाहावे.