हात धरण्याआधी विचारा



आपली मराठी माणसं पंगतीत जसा आग्रह करतात तसाच नाचायलाही करतात. इथे कॅरीत दिवाळीचा कार्यक्रम असो, कुणाची पन्नाशी असो की मुलीचं ग्रॅज्युएशन. जेवणं आटोपतात, गाणं सुरू होतं आणि एखादे काका खुर्चीत बसलेल्या वहिनींचा हात धरून त्यांना मधे आणतात. "अहो, लाजताय काय!" बाकीचे टाळ्या वाजवतात. वहिनी हसतात, दोन पावलं टाकतात आणि संधी मिळताच पाणी प्यायला निघून जातात. त्या हसण्याला आपण संमती समजतो. माझ्या मते ती संमती नव्हे.

"घरचीच माणसं, एवढं काय मनावर घ्यायचं?" हे यावरचं ठरलेलं उत्तर. एका कार्यक्रमात मी "नको, गुडघा दुखतोय" म्हटलं, तरी दोघांनी मला उठवलंच. गुडघा खरंच दुखत होता. पण दुखत नसता तरी नुसतं "नको" पुरायला हवं होतं.

जोडीने नाचायची सवय आपल्याला कमी, हे मान्य. लेझीम रांगेत, लावणी प्रेक्षकांसमोर, मिरवणुकीत ज्याचं तो नाचतो. पण जोडीच्या नाचाची रीत आपल्याकडे नाहीच, असंही नाही. मंगळागौरीची फुगडी आठवा. अंग मागे झोकलेलं, एकीचा तोल दुसरीच्या हातात. एकीने "पुरे" म्हटलं की दुसरी वेग कमी करते, आणि दोघी स्थिर होईपर्यंत कुणी हात सोडत नाही. गोव्याच्या मांडोत स्त्री-पुरुष समोरासमोर रांगांत नाचतात, पंखा आणि रुमाल घेऊन, अंतर राखून. दांडियात काही ठोक्यांनंतर जोडीदार बदलतो. समोर कोण यावं हे आपण ठरवत नाही, जो येईल त्याच्या बोटांना जपायचं.

आपण जिथे राहतो तिथलंही पाहा. शॅग हा जोडीचा नाच. नॉर्थ कॅरोलायनाने २००५ साली त्याला राज्याचं अधिकृत लोकप्रिय नृत्य ठरवलं. दोन्ही कॅरोलायनांच्या किनाऱ्यावर तो वाढला तो कृष्णवर्णीयांच्या संगीतावर. मर्टल बीचला चार्ली फिट्झगेराल्ड या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या क्लबमध्ये गोरी मुलंही नाचायला येत. २६ ऑगस्ट १९५० रोजी कू क्लक्स क्लॅनने त्या क्लबवर गोळीबार केला आणि फिट्झगेराल्डना पळवून नेऊन बेदम मारलं. कुणी कुणाबरोबर नाचावं हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ कधीच नव्हता.

म्हणून मला सौजन्याच्या दोन बाजू दिसतात. एक, ज्याला नको आहे त्याला ओढू नये. दुसरी, ज्याला हवं आहे त्याला वगळू नये. आपल्याकडे या दोन्ही चुका एकाच हॉलमध्ये होतात. उत्साही वहिनींना चौघे बोलावतात. पण नवरा गेलेल्या बाईंना, घटस्फोटित मैत्रिणीला, कुणाच्या अमेरिकन जावयाला, जोडीने आलेल्या दोन मुलींना कुणी विचारत नाही. त्यांच्या खुर्च्या भिंतीलगतच राहतात.

पाश्चात्त्य बॉलरूममध्येही सगळं आदर्श नव्हतं. एकोणिसाव्या शतकातली शिष्टाचाराची पुस्तकं सांगत, की बाईने एकाला नकार दिला तर त्या नाचापुरतं तिने बसूनच राहावं. म्हणजे नकाराला दंड! आज कॉन्ट्रासारख्या नाचांच्या अनेक मंडळांनी हा नियम मोडीत काढला आहे. कुणीही कुणालाही विचारावं, नकाराला कारण मागू नये, असं नवख्यांना स्पष्ट सांगितलं जातं. 'पुरुष' आणि 'बाई' या भूमिकांनाही कित्येक ठिकाणी आता लार्क आणि रॉबिन अशी पक्ष्यांची नावं आहेत, म्हणजे कुणीही कुठलीही भूमिका घ्यावी.

"अशाने मजाच जाईल," असं काही जण म्हणतील. मला उलट वाटतं. ओढून आणलेला माणूस पुढच्या वेळी लवकर घरी जातो. विचारून आलेला शेवटच्या गाण्यापर्यंत थांबतो. हे पुरुषांनाही लागू आहे. लाजऱ्या भावजींना ढकलून मधे आणणं हाही विनोद नव्हे.

आणि मुलं बघत असतात. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क, हे आपण मुलींना घरी शिकवतो, आणि त्याच संध्याकाळी "काकांबरोबर नाच ना, असं काय करतेस" म्हणतो. यातला कोणता धडा तिने खरा मानायचा?

करायचं ते अवघड नाही. समोर उभं राहून हात पुढे करावा, धरू नये. "नाचायचं का?" असं विचारावं. "नको" आलं तर "बरं" म्हणून हसून पुढे जावं, दुसऱ्यांदा विचारू नये. आणि पुढे जाताना भिंतीलगतच्या खुर्चीपाशी थांबून तिथेही तेच विचारावं.