टोपी घाला, घालून घेऊ नका!

‘त्याने मला टोपी घातली’ म्हणजे काय, हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण हॅटच्या दुकानात हे अगदी शब्दशः घडू शकतं, बरं का! काचेमागे दोन काळ्याभोर फेडोरा शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. रंग तोच, रिबन तीच, ॲटिट्यूडही तोच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या कितीतरी पट. कारण एक फर फेल्टची असते, दुसरी वूल फेल्टची. हा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही, हाताला कळतो.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या घामात फेल्ट हॅट कशाला? एकदम बरोबर. ती इथल्यासाठी नाहीच. पण ऑनसाइट म्हणून ऐन जानेवारीत मिलान, फ्रँकफर्ट नाहीतर शिकागोला उतरणारी आपली मंडळी जॅकेट आणि बूट झकास घेतात आणि डोकं माकडटोपीच्या भरवशावर सोडतात. माकडटोपी उबदार असते, मान्य. पण क्लायंटच्या लॉबीत? जाऊ द्या. म्हणून हा आठवडा हॅटचा.

बोटांना विचारा

फेल्ट विणत नाहीत. प्राण्याच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे अडकतात की सुटता सुटत नाहीत. ससा, रानससा आणि बीव्हर यांच्या अंगावरची आतली लव लोकरीपेक्षा बारीक असते. म्हणून फर फेल्ट पातळ असूनही घट्ट होतं, थोडा पाऊस झेलतं आणि आकार धरून ठेवतं. वूल फेल्ट जाडसर, किंचित खरखरीत. चिंब भिजलं की आकसतं किंवा ढेपाळतं.

दुकानात आधी काठावरून अंगठा फिरवा. मऊ, गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीचा लागला तर पुढे बोला. मग आतल्या चामडी पट्टीवरचा आणि अस्तरावरचा मजकूर वाचा. इटलीत ‘फेल्ट्रो दि पेलो’ म्हणजे फर, ‘फेल्ट्रो दि लाना’ म्हणजे लोकर. जर्मनीत ‘हारफिल्ट्स’ फर, ‘वोलफिल्ट्स’ लोकर. एवढे चार शब्द पाठ असले की सेल्समनचं गोड हसू आपोआप जरा कमी होतं!

अमेरिकन हॅटमध्ये इंग्रजी एक्सच्या फुल्या दिसतात. जास्त फुल्या म्हणजे भारी फेल्ट, हा फंडा अर्धाच खरा आहे. या फुल्यांचं सगळ्या कंपन्यांना लागू असलेलं एक माप नाही. एकाच कंपनीच्या दोन हॅट ताडून बघायच्या असतील तरच त्या मोजा.

आरशाआधी टेप

टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून गोल फिरवा. जो आकडा सेंटिमीटरमध्ये येईल तो तुमचा साइझ. तो पाठच करा, कारण ५७ सेंटिमीटरचं डोकं ब्रिटिश मापात ७ असतं आणि अमेरिकन मापात सव्वासातला थोडं कमी, म्हणजे ७ पूर्णांक १/८. दोन साइझच्या मधे अडकलात तर मोठी घ्या. पट्टीच्या आत पातळ फोम भरून सैल हॅट बसवता येते. घट्ट हॅट मात्र कपाळावर लाल वळ आणि डोकेदुखी दोन्ही देते.

काठाचं गणित सोपं आहे. खांदे रुंद असतील तर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासचा काठ शोभतो. चण बारीक असेल तर पाच किंवा त्याहून कमी. आणि आरसा पूर्ण उंचीचा मागा. हॅट नुसत्या चेहऱ्यावर नाही, अख्ख्या माणसावर दिसते.

त्याची की तिची?

‘लेडीज सेक्शन वर आहे, मॅडम’ असं कोणी म्हणालं तर त्याला फेडोराची गोष्ट सांगा. १८८२ साली व्हिक्टोरियाँ सार्दूचं ‘फेडोरा’ हे नाटक पॅरिसच्या रंगमंचावर आलं. नायिका राजकन्या फेडोरा, भूमिका सारा बर्नहार्टची. हॅटला नाव मिळालं ते या राजकन्येचं. ती आधी बायकांमध्ये रुळली आणि बोगार्ट वगैरे मंडळींच्या डोक्यावर फार नंतर चढली. ट्रिल्बी हे नावही जॉर्ज द्यू मोरिएच्या १८९४च्या कादंबरीतल्या नायिकेचं. तेव्हा मुलींनो, पुरुषांच्या रॅकवरून बिनधास्त उचला, साइझ तेवढा बघा. केस आखूड असतील तर १९२०च्या दशकातली घंटेच्या आकाराची क्लोशही ट्राय करा. ती बॉबकटवाल्यांसाठीच जणू जन्मली. अंबाडा घालणार असाल तर मोजमाप अंबाड्यासकट घ्या.

टॅगवर नसलेली किंमत

हे वाचायला जरा कडू आहे, पण वाचाच. सशाचे केस फेल्टसाठी तयार करायला पूर्वी पाऱ्याचं रसायन वापरायचे. त्याने केसांना गाजरासारखा रंग यायचा, म्हणून त्या कामाचं नावच ‘कॅरटिंग’ पडलं. त्या वाफेत दिवस काढणाऱ्या कारागिरांचे हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं, स्वभाव बदलायचा. अमेरिकेत कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं गाव. तिथे या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ म्हणत. अमेरिकेत हॅटमधला पारा बंद व्हायला १९४१चा डिसेंबर उजाडावा लागला. त्यामुळे व्हिंटेजच्या प्रेमात असाल तर त्या काळातली किंवा आधीची हॅट घरी वाफेवर धरून नीट करायला जाऊ नका. तिच्यात अजून पारा असू शकतो. कपाटात मांडा, डोक्यावर नको.

आणि ससा? हॅटसाठी लागणारी सशाची फर बरीचशी मांसासाठी पाळलेल्या सशांच्या कातडीवरून येते. तरीही ती कातरलेली लोकर नाही, हे लक्षात ठेवूनच पैसे द्या. घरी आईने ‘हे कशाचं गं?’ विचारलं तर खरं उत्तर देता यायला हवं. नाही पटत? वूल फेल्ट घ्या, त्यात कसलाही कमीपणा नाही. माझ्यापुरता नियम असा की फर फेल्टची हॅट घ्यायचीच तर एकच, आणि ती पंधरा-वीस वर्षं वापरायची. दर सीझनला नवा रंग म्हणून नवा ससा, हे मला झेपत नाही.

घरी आणल्यावर

पंधरा-वीस वर्षं टिकवायची तर थोडे लाड करावे लागतात. पुढच्या चिमटीला धरून उचलू नका, तिथेच ती आधी फाटते. काठाला धरा. टेबलावर ठेवताना उलटी ठेवा, नाहीतर काठ वाकडा होतो. भिजली तर आतली चामडी पट्टी बाहेर काढून पंख्याखाली सावकाश वाळवा. हेअर ड्रायर, हीटर, उन्हात उभी असलेली कार, तिन्ही बंद. धूळ मऊ ब्रशने झटका.

आणि मुंबई-पुण्यात परतलात की हॅटचे खरे शत्रू दोन, कसर आणि पावसाळ्यातली बुरशी. कसरीला फर फार आवडते. स्वच्छ ब्रश करून, पूर्ण कोरडी करून बॉक्समध्ये ठेवा. सिलिका जेलची पाकिटं आणि डांबराच्या गोळ्या कागदात गुंडाळून सोबत घाला. ऑगस्टमध्ये एकदा बॉक्स उघडून वारा द्या.

बाकी, ती डोक्यावर जरा तिरकी ठेवायची की सरळ, हे मी सांगणार नाही. तो तुमचा आणि आरशाचा खासगी मामला आहे!