सण उसना असतो का?

"चवथीला सुट्टी मिळत नाही आणि टर्कीला बरी मिळते!" आई फोनवर ताईला म्हणाली, आणि थँक्सगिव्हिंगवरून आमच्या घरात पहिलं भांडण झालं.

ताई न्यू जर्सीत असते. चवथीला तिच्या ऑफिसला सुट्टी नाही, दिवाळीलाही नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मात्र असते, शुक्रवारही जोडून मिळतो. सलग चार दिवस ती, भावोजी आणि माझी भाची एकत्र घरात असतात, असं वर्षातून एकदाच घडतं. ते दिवस तिला सणासारखे करायचे होते. आईला वाटलं, लेक हातची गेली. मीही तेव्हा आईच्या बाजूने होते. आज नाही. का, ते सांगते.

आपण ज्याला 'त्यांची जुनी परंपरा' म्हणतो, ती त्यांनीही घडवलेलीच आहे. १६२१ मध्ये प्लिमथला इंग्लंडहून आलेले सुमारे ५० लोक आणि तिथल्या वाम्पानोआग जमातीचे सुमारे ९० पुरुष तीन दिवस एकत्र जेवले, हे खरं. पण त्यातून लगेच राष्ट्रीय सण झाला नाही. सारा हेल नावाच्या मासिक-संपादिकेने त्यासाठी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, राज्यपालांना पत्रं पाठवली. अखेर १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकनने घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये. आणि कितीतरी घरांत 'आमच्या आजीचं' म्हणून होणारं फरसबीचं कॅसरोल १९५५ मध्ये कॅम्पबेल या सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मलं! परंपरा वारशाने मिळते हे खरं, पण त्याआधी ती कुणीतरी सुरू केलेली असते. मग ताईने केली तर काय बिघडलं?

अर्थात, तिचं पहिलं वर्ष फसलंच. सिनेमात पाहिलं तसं सगळं करायला गेली. सहा किलोची गोठलेली टर्की फ्रीजरमधून काढून थेट ओव्हनमध्ये. वरून खरपूस, आतून कच्ची. शेवटी पिझ्झा मागवला. ती रडली, आणि तेही तिने आईलाच फोन करून सांगितलं. आई आधी हसली, मग म्हणाली, "तुला जमतं ते कर गो. खतखतं कर."

दुसऱ्या वर्षी टर्कीऐवजी कोंबडी झाली आणि सोबत खतखतं. तिरफळं आईने इथून पाठवली होती. गंमत बघा, खतखत्यात पडणारा लाल भोपळा, रताळं, मका ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आली. चारशे-पाचशे वर्षांनी ती ताईच्या पातेल्यातून परत माहेरी गेली म्हणायची!

तेव्हापासून त्यांच्या घरचे नियम ठरले. सहा वर्षांच्या भाचीने शेंगा सोलायच्या. भावोजींनी खोबरं वाटायचं. जेवणाआधी प्रत्येकाने कागदावर एक नाव आणि त्या माणसाने केलेली एक गोष्ट लिहायची. 'सगळ्यांचे आभार' चालत नाही. कागद बिस्किटाच्या डब्यात जातात आणि पुढच्या वर्षी वाचले जातात. तिकडे गुरुवारी सकाळचे दहा, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तेव्हा आम्हीही फोनवरून आमची नावं सांगतो.

आणखी एक नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९७० पासून मूळ रहिवाशांतले अनेकजण प्लिमथला हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. ज्यांनी त्या पाहुण्यांना जगायला मदत केली, त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या. म्हणून ताई लेकीला जेवणाआधी सांगते की आपलं घर आहे ती भूमी लेनापी लोकांची होती. सण साजरा करायचा तर त्याचं खरंही माहीत हवं. गोड तेवढं घेतलं तर ती नक्कल होते.

कुणी म्हणेल, मग आता गोव्यातही टर्की कापायची का? मुळीच नको. आभार मानायला आपल्याकडे सण कमी नाहीत. ५ ऑगस्टला राय गावच्या चर्चमध्ये नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो. चवथीच्या दिवसांत आमच्या दाराला नव्याची कणसं बांधतात. पण खरं सांगू? आमचं शेत कित्येक वर्षं पडीक आहे. कणसं आम्ही बाजारातून आणतो. ती कुणी पिकवली, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. सण शिल्लक होता, आभार गळून पडले होते. ते मला एका परक्या सणाने दाखवलं. यंदा कणसं विकणाऱ्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "आमच्याच शेतातली, बाय." त्यांचं नाव मी डब्यासाठी सांगणार आहे.

तुमच्यापैकी बरेचजण उद्या शिकायला, नोकरीला बाहेर पडाल. पुणे असो की टोरांटो, चवथीला प्रत्येकाला येता येईलच असं नाही. तेव्हा नुसतं हळहळत बसू नका. मिळेल त्या सुट्टीला घरचं एक काहीतरी रांधा, सगळ्यांना काम द्या आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा करा. पहिल्या वर्षी तो प्रयोग असतो. दुसऱ्या वर्षीपासून ती परंपरा होते.

आई अजूनही त्याला थँक्सगिव्हिंग म्हणत नाही. पण ऑक्टोबर लागला की विचारते, "तुमचा तो गुरुवार यंदा कधी गो? तिरफळं पाठवायला हवीत."