पावसाची वही आणि दोन बहिणी

"खेड्यात मुलींना कंटाळा येत नाही का गं?" कुठल्याही लग्नाला किंवा बारशाला गेले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे आपलेच असतात. कुणी टिळकवाडीतली मावशी, कुणी हैदराबादेत स्थायिक झालेला मामेभाऊ. प्रश्नात खोच नसते, काळजीच असते. पण वाढप्याची घाई चालू असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून या महिन्याच्या सदरात ते सविस्तर देते.

आम्ही खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका लहान गावात राहतो. मी बेळगावात बीई केलं, बेंगळुरूत काही वर्षं नोकरी केली. २०२० साली घरून काम सुरू झालं तेव्हा सासरी आले, ती इथंच राहिले. नवरा भात, रताळी आणि काजू बघतो, मी वरच्या खोलीत बसून कोड लिहिते. थोरली सात वर्षांची, गावच्या सरकारी मराठी शाळेत दुसरीत आहे. धाकटी चार वर्षांची, अंगणवाडीत जाते. घरात सासूबाई आहेत, आणि घराचा खरा कारभार त्यांच्याकडेच आहे.

आमच्याकडे पाऊस हा पाहुणा नसतो, तो चार महिन्यांचा भाडेकरू असतो. पोरींना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा पावसालाच कामाला लावावं, म्हणून आम्ही एक पर्जन्यमापक केला. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून गाळण्यासारखा उलटा बसवला. तळाशी खडे टाकून एका रेघेपर्यंत पाणी भरलं. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर पट्टी चिकटवली. बाटली उघड्या अंगणात ठेवायची, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब. हवामान खातं पावसाची दिवसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं, म्हणून आमचीही वेळ तीच. शाळेत जाण्याआधी थोरली आकडा वाचते आणि वहीत लिहिते. धाकटीला अजून आकडे येत नाहीत, ती शेजारी ढग काढते. थोडा पाऊस असेल तर एक ढग, जास्त असेल तर पान भरून ढग. खरं सांगायचं तर वही चाळताना मी आधी ढगच बघते.

या वहीनं थोरलीला बरंच गणित शिकवलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमचं कौलारू छप्पर साधारण ऐंशी चौरस मीटरचं. एका सकाळी आकडा आला पन्नास. म्हणजे एका दिवसात छपरावर चार हजार लिटर! तिनं आज्जीला विचारलं, "चार हजार लिटर म्हणजे किती कळशा?" आज्जी म्हणाल्या, "माझ्या लग्नापासून विहिरीवरनं आणल्या, तेवढ्या." हा आकडा मात्र वहीत गेला नाही.

भांडणं होतातच. एका कोरड्या सकाळी बाटलीत बारा मिलिमीटर पाणी निघालं. चौकशीअंती कळलं, की "बाटलीला तहान लागलेली" म्हणून धाकटीनं तांब्याभर पाणी ओतलं होतं. थोरली इतकी चिडली, की वही फाडायला निघाली. "आई, हिनं सगळा डेटा खराब केला!" हा शब्द तिनं माझ्या मीटिंगमधून उचललेला. शेवटी आज्जींनी निवाडा केला: त्या दिवशी दोन रकाने. एकात "देवाचा पाऊस ०", दुसऱ्यात "बहिणीचा पाऊस १२". तेव्हापासून वहीत दुसरा रकाना कायम आहे, आणि तो अधूनमधून भरतोही.

छपरावरचं पाणी पुढं कुठं जातं, हा त्यानंतरचा प्रश्न. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात थांबते, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. आपल्याच तालुक्यात भीमगडाच्या जंगलात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातल्या डोंगरांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो, ही गोष्ट दोघींना फार आवडली. आता ओढ्यात कागदी होड्या सोडताना थोरलीची होडी चेन्नईकडे जाते आणि धाकटीची पणजीला. ओढा एकच आहे, पण तो मुद्दा कुणी काढत नाही.

ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल येतात. कानडीत या सणाला 'मण्णेत्तिन अमावस्ये' म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. खानापूरची माती आणि कुंभारकाम प्रसिद्ध, त्यामुळे बैलांना तोटा नाही. तरी आमच्या पोरी स्वतःच्या हातानं एक जोडी करतातच. यंदा धाकटीच्या बैलाला पाच पाय होते. "एक पाय जादाचा, मोडला तर," असं तिचं स्पष्टीकरण. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही यालाच बॅकअप म्हणतो. शेजारची कानडी बोलणारी मैत्रीण 'तुप्प' म्हणते, आमच्या पोरी 'तूप' म्हणतात, आणि पोळीवर दोघींनाही सारखंच लागतं. कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हा प्रश्न त्यांना अजून पडलेला नाही. "आई, पाऊस येऊलालाय!" असं अस्सल बेळगावी मराठी ऐकलं की माझे पुण्याचे सहकारी फोनवर हसतात. हसू देत. मला ती भाषा गोडच वाटते.

हे सगळं वाचून खेडं म्हणजे सुट्टीतलं मामाचं घर असं समजू नका. जोराच्या पावसात वीज जाते आणि विजेबरोबर इंटरनेट. बालरोगतज्ज्ञ हवा असेल तर बेळगाव गाठावं लागतं. सापांचं तर रोजचंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी नावं धाकटीलाही पाठ आहेत. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, चप्पल झटकून घालायची, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, हे आमच्या घरचे कडक नियम आहेत. आणि कुणाला चावलाच, तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात, जिथं प्रतिविष मिळतं तिथं. थोरली हे सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवते. हे ऐकून शहरातल्या आयांना धडकी भरते. पण त्यांच्या मुली रस्ता ओलांडायला शिकतात, तशाच माझ्या मुली अंगण ओलांडायला शिकतात.

आता मुख्य गोष्ट. जूनमध्ये ऑफिसचं पत्र आलं. सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस बेंगळुरूच्या ऑफिसात. इथून बेंगळुरू पाचशे किलोमीटरच्या घरात. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. रताळ्याचा भाव पडला तर त्या वर्षीची भरपाईही त्याच पगारातून होते. नोकरी सोडणं हा पर्याय नव्हता. सगळ्यांनी बेंगळुरूला जायचं, तर शेत आणि सासूबाई दोन्ही मागं राहणार. मी एकटीनं जायचं, तर दर आठवड्याला दोन रात्री रेल्वेत आणि पोरी आईशिवाय. आम्ही दोघं पंधरा दिवस रोज रात्री पडवीत बसून हिशेब करत होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू जा गं, पोरीस्नी मी बघतो. पण पोरींना काय ते खरं सांगून जा."

मी मॅनेजरला लिहिलं, की महिन्यातला एक सलग आठवडा पूर्णवेळ येते, बाकीचं काम इथून करते. मार्चपर्यंत हे मान्य झालंय. नंतरचं नंतर. थोरली तिसरीत जाईल तेव्हा कदाचित पुन्हा पडवीत बसावं लागेल. खेडं की शहर, याचं कायमचं उत्तर माझ्याकडे नाही. सध्याच्या वर्षापुरतं आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत रोज सकाळी साडेआठला फोन यायचा. थोरली आकडा सांगायची, मागून धाकटी ढगांची संख्या ओरडायची. तिसऱ्या दिवशी धाकटीनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "आई, तुझ्या बाटलीत किती?" माझ्याकडे बाटलीच नव्हती. त्या संध्याकाळी पेइंग गेस्टच्या गच्चीवर मी एक ठेवली. दुसऱ्या सकाळी चार मिलिमीटर निघाला. आता वहीत तिसरा रकाना आहे: "आईचा पाऊस".

तर कंटाळ्याचं उत्तर हे असं आहे. मुलींना कंटाळा येतो, भरपूर येतो, आणि त्यातूनच पाच पायांचे बैल जन्मतात. तुम्ही वडोदऱ्यात असा की इंदुरात, बाल्कनीत वर उघडं आकाश असेल तर एक बाटली ठेवून बघा. एक वही, एक पेन्सिल, रोजची एकच वेळ. आकडा मोठ्यानं लिहावा, ढग धाकट्यानं काढावेत. भांडण झालं तर दुसरा रकाना आखावा.