फेणीला नाके मुरडणाऱ्यांस

शाळामास्तराने दिवाळी अंकात दारूवर लिहावे, याचा काहींना राग येईल. येवो. मी पिण्याची भलामण करीत नाही. पिणाऱ्यांच्या ढोंगाविषयी बोलतो आहे.

परवा एका स्नेह्यांकडे बैठक होती. यजमानांनी जिनचा सुगंध वाखाणला, व्हिस्कीचा रंग दिव्यासमोर धरून दाखवला. मी पेडण्याहून आणलेली फेणी पिशवीतून काढली मात्र, मंडळींनी नाके दाबली. "मास्तर, गावठी?"

गावठी म्हणजे काय हो? जिनला वास ज्युनिपरच्या फळांचा, तो सुगंध! काजूच्या बोंडांचा तेवढा दर्प! स्कॉच निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरते, तिचा मान मी राखतो. पण आपल्याकडच्या कितीतरी व्हिस्क्यांत मुख्य ऐवज उसाच्या मळीचा मद्यार्क; युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. वर रंग कॅरामेलचा, म्हणजे जळक्या साखरेचा. यजमानांची बाटली याच कुळीची होती.

फेणीत ही सोंगे नाहीत. बोंडे तुडवायची, रस आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आवडत नाही म्हणा, माझी तक्रार नाही. मला स्वतःला जिन खोकल्याच्या औषधासारखी लागते. पण मी ती चाखून तसे म्हणतो!

बाटली मी पुन्हा पिशवीत घातली. निघताना यजमान जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ती तेवढी इथे राहू द्या."