खोडलेले शब्द

चार-पांच वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, मूर्तिजापूरकडील शेतकऱ्याचा मुलगा, बडनेऱ्यास गाडींतून उतरून अमरावतीस मला भेटावयास आला. सैन्यांत त्याची दहा वर्षें झालीं होतीं आणि आतां पलटणीबरोबर लेबनॉनला जावयाचें होतें. त्या देशाच्या दक्षिण सीमेवर संयुक्त राष्ट्रांनीं सन १९७८ मध्यें शांतिसेना ठेविली. सन १९९८ पासून तींत भारतीय पलटणीही पाळीपाळीनें जात आल्या. नमस्कार करून तो म्हणाला, “गुरुजी, घरी वऱ्हाडी, पलटनीत हिंदी, कागदाले इंग्रजी. आता थोडी अरबीबी शिका म्हनतात. एका डोक्यात किती भाषा मावतीन?”

मीं धीर देण्यासाठीं म्हटलें, “अरे, त्या भाषेचे कितीतरी शब्द तुझ्या तोंडांत आधींच आहेत. हुकूम, तारीख, हिशेब, साबण, दुकान, किल्ला, फौज, सारे मूळचे अरबी.”

तो हंसला. “पन गुरुजी, तुमीच तर माह्या निबंधातला ‘हुकूम’ खोडून ‘आज्ञा’ लिवलं होतं.”

गोष्ट खरी होती. शिवछत्रपतींनीं रघुनाथपंत हणमंते यांजकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हा दाखला मी वर्गांत नेहमीं देत असें आणि तांबड्या शाईनें यावनी शब्द खोडीत असें. राज्याच्या दप्तराची भाषा ठरविणें निराळें आणि मुलाच्या घरचा शब्द खोडणें निराळें, हा विवेक मला तेव्हां सुचला नाहीं. आणि तेंही ह्या वऱ्हाडांत! सन १४९० मध्यें येथें ज्यानें इमादशाही स्थापिली, त्याची पदवीच ‘इमाद-उल्-मुल्क’, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. त्यांतील ‘मुल्क’ तोच आपला मुलूख.

व्युत्पत्ति ठाऊक असल्या, तरी अरबी बोलतां मला येत नाहीं. म्हणून त्या मुलास घेऊन मी आमच्या आळीपलीकडील एका निवृत्त मौलवीसाहेबांकडे गेलों. पंचवीस वर्षांच्या शेजारांत त्यांच्या ओट्यावर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ.

सारें ऐकून ते म्हणाले, “मास्तरसाहेब, भीति अनोळखी शब्दांची नाहीं, ओळखीच्यांचीच आहे.” मग त्यांनीं एकेक शब्द उलगडून दाखविला. मराठींत गरीब म्हणजे निर्धन. अरबींत गरीब म्हणजे परका. निर्धनास तेथें फकीर म्हणतात. आपली ‘मौज’ मूळ अरबींत समुद्राची लाट. आपल्याकडे कोणाचे हाल विचारले तर दुःखच निघतें; अरब मनुष्य ‘केफ हालक’ म्हणून नुसतें कुशल विचारतो. आणि ‘बकरा’ म्हणावें तर तेथें गाय उभी राहते! येथें मला बोलणें भाग पडलें कीं, आपला बकरा संस्कृत ‘बर्कर’ शब्दापासून आलेला. दोघांचें नातें मुळींच नाहीं. मुलानें सारें वहींत टिपून घेतलें. हातीं बंदूक घेऊन नाक्यावर उभ्या राहणाऱ्यानें अर्थ चुकवून भागत नाहीं, हें त्याला आम्हां दोघांपेक्षां अधिक कळत होतें.

हा प्रसंग आपल्या शिपायांवर पूर्वींही आला होता. नोव्हेंबर १९१४ मध्यें इराकांत उतरलेल्या सैन्याच्या मोहिमेंत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. घरीं मराठी, पलटणींत हिंदुस्तानी आणि बसऱ्याच्या बाजारांत दुकानदार व हमाल अरबी बोलणारे! डिसेंबर १९१५ पासून ह्या पलटणी कूत येथें वेढ्यांत सांपडल्या, उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शत्रूच्या कैदेंत गेल्या. परमुलुखांत पाणी मागण्यापुरता शब्द ठाऊक असणें म्हणजे काय, हें त्या कैद्यांनींच जाणावें. पुढें सन १९४८ मध्यें दिल्लीस संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा निघाली व तींत अरबीसही स्थान मिळालें.

माझा विद्यार्थी मुदत संपवून सुखरूप परत आला. तेथील खेड्यांत आपल्या पलटणी गुरांचें औषधपाणीही करीत. शेतकऱ्याच्या मुलास तें काम मनापासून आवडलें. एका म्हातारीनें ‘तूं कोण?’ म्हणून विचारलें, तेव्हां तो वहींतला शब्द आठवून म्हणाला, “अना गरीब”, मी परका. म्हातारीनें मान हलवून ‘ला’ म्हटलें. ‘ला’ म्हणजे नाहीं. मग तिनें त्याच्या हातावर भाकर ठेविली.

वाचकहो, ह्या महिन्यांत घरांतील मुलांस एक काम सांगावें. आजीच्या तोंडचे असे पंचवीस शब्द त्यांनीं वहींत उतरावे आणि ते कोठून आले हें कोशांत पाहावें. माझी तांबडी शाई मीं आतां शुद्धलेखनापुरतीच ठेविली आहे. दर रविवारीं मी मौलवीसाहेबांच्या ओट्यावर जातों. अरबी ‘ऐन’ अक्षराचा उच्चार मला अजून साधत नाहीं, आणि ते पोट धरून हंसतात.